कवळीखालची वस्ती

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिंड्या दिसू लागतात. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या कुशीत, धबधब्याशेजारी कपिलधार आहे. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि वीरशैव-लिंगायत समाजातली माणसं मराठवाड्याच्या गावागावांतून, कर्नाटकातून, तेलंगणातून पायी चालत तिथे येतात. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली बरीच. कुणाला साखरेचा त्रास, कुणाला दमा, आणि वरच्या जबड्याला कवळी असलेले तर कितीतरी.

रात्रीचा मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर मंडपात. उशाला पिशवी, शेजारी अनोळखी माणूस, पाण्यासाठी रांग. अशा ठिकाणी कवळी काढून ठेवायची कुठे? हरवली तर पुन्हा बनवायला हजारो रुपये आणि दवाखान्याच्या चार-पाच खेपा. त्यापेक्षा ती तोंडातच बरी. घरी रोज रात्री कवळी पाण्याच्या वाटीत ठेवणारा माणूसही वारीत ती तोंडात घालूनच झोपतो. आठ-दहा दिवस हे चाललं की टाळू चुरचुरायला लागते, तिखट सोसवत नाही, ओठांचे कोपरे फाटतात. मग ‘तोंड आलंय’ म्हणत मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या जातात. त्यांनी फरक पडत नाही, कारण तोंडात झालेली गोष्टच वेगळी असते. कवळी काढून आरशात पाहिलं तर टाळूवर कवळीच्याच आकाराचा लालभडक डाग दिसतो, नकाशा काढावा तसा नेमका. खालच्या कवळीखाली हे फारसं होत नाही. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटून बसते, तिच्याखाली लाळ पोहोचत नाही, आणि लाळ हेच तोंडाचं पहिलं औषध आहे. कवळी ज्या अॅक्रिलिकची असते त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. तिथे ऊब, ओल आणि अन्नाचे कण मिळाले की एक जुनी रहिवासी हातपाय पसरते. तिचं नाव कॅन्डिडा.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्टच्या कुळातली बुरशी. ती बाहेरून येऊन हल्ला करते असं नाही. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण निरोगी प्रौढांपैकी 30 ते 60 टक्क्यांच्या तोंडात ती मुळातच असते आणि जन्मभर कुणाला तिचा पत्ता लागत नाही. ती गोल पेशींच्या रूपात राहते तोवर सगळं शांत असतं. परिस्थिती अनुकूल झाली की त्याच पेशी लांब धागे फेकतात आणि ते धागे तोंडाच्या अस्तरात घुसतात. हे धागे नेमकी इजा कशी करतात हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. 2016 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धाग्यांतून सुटणारं एक विष शोधून काढलं, त्याला ‘कॅन्डिडालायसिन’ असं नाव दिलं. पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं हे छोटंसं प्रथिन. गोल रूपातली कॅन्डिडा ते फारसं बनवत नाही. म्हणजे तोंडात कॅन्डिडा आहे की नाही, यापेक्षा ती किती आहे आणि कोणत्या रूपात आहे, हा प्रश्न महत्त्वाचा.

ती वाढते कशामुळे? कारणं अनेक, आणि बहुतेक आपल्या घरातली. अँटिबायोटिक हे त्यातलं एक मोठं. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू जागा धरून असतात. औषधाने ते मेले की नांगरून मोकळ्या सोडलेल्या रानात आधी तण माजावं, तशी कॅन्डिडा माजते. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, बुरशीला नाही. दुसरं कारण मधुमेह. रक्तात साखर वाढली की लाळेतही ती वाढते, प्रतिकार ढिला पडतो आणि यीस्टला आयती मेजवानी मिळते. (मांजरसुंब्याची रबडी सोडवत नाही हे मान्य, पण साखर 300 च्या घरात असलेल्याने तोंडातल्या पांढऱ्या थराची तक्रार करताना तिचाही हिशेब मांडावा.) तिसरं, दम्याचे स्टिरॉइड असलेले पंप. औषधाचा काही भाग घशात आणि जिभेवर बसतो, तिथला प्रतिकार दाबतो. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, इतका साधा हा उपाय, पण पंप देताना तो सांगायचा राहून जातो. चौथं, कोरडं तोंड. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, अॅलर्जीच्या कित्येक गोळ्या लाळ आटवतात, आणि म्हातारपणी माणूस यांतल्या दोन-तीन तरी घेतच असतो. तंबाखू आणि मिश्रीही या यादीत येतात.

आणि एक कारण असं की ज्यात ही बुरशी आजारापेक्षा इशारा ठरते. जून 1981 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची ही पहिली छापील खूण, आणि त्या पाचही जणांना कॅन्डिडाचा संसर्ग झालेला होता. तेव्हापासून, धडधाकट दिसणाऱ्या तरुण माणसाच्या तोंडात काही उघड कारण नसताना पांढरे चट्टे दिसले तर डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. बीड जिल्ह्याला हे परकं नाही. कपिलधारच्या वाटेवरच, पालीला, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळणारी ‘इन्फंट इंडिया’ संस्था उभी आहे. म्हणून तोंडातल्या बुरशीला ‘किरकोळ’ म्हणण्याआधी ती का झाली हे पाहावं लागतं.

कारण आणि परिणाम यांची गल्लत इथे पहिल्यापासून झालेली आहे. 1839 साली बर्नहार्ड फॉन लांगेनबेक या जर्मन डॉक्टरला तापाने गेलेल्या एका रुग्णाच्या शरीरात ही बुरशी दिसली आणि तीच तापाचं मूळ असावी असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ताप आधी आला होता, बुरशी त्याच्या मागून.

औषधाची गोष्ट मात्र सुखाची आहे, आणि तिचा एक धागा पुण्याजवळ येऊन पोहोचतो. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन बायका, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन, मातीतल्या सूक्ष्मजीवांमध्ये बुरशीवरचं औषध शोधत होत्या. हेझन न्यूयॉर्क शहरात, ब्राउन ऑल्बनीत. काचेच्या बरण्यांतले नमुने त्या एकमेकींना टपालाने पाठवत. 1950 साली त्यांनी निस्टॅटिन जाहीर केलं. हे नाव त्यांनी आपल्या राज्याच्या नावावरून ठेवलं. या औषधाची 1 कोटी 30 लाख डॉलरांहून अधिक रॉयल्टी त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. पुढे 1966 च्या पुरात फ्लॉरेन्समधल्या भित्तिचित्रांवर बुरशी चढली, तेव्हाही निस्टॅटिनच फवारलं गेलं.

आपल्याकडे पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्याच कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ काम करत. मातीत सापडलेल्या एका जिवाणूला त्यांनी गावाचंच नाव दिलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून मिळालेल्या बुरशीनाशकाला कारखान्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ म्हटलं गेलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे आलं आणि तोंडातल्या कॅन्डिडावर, कानातल्या बुरशीवर वरून लावण्यासाठी वापरलं गेलं. म्हणजे ज्या आवारात जिवाणू मारणारं औषध बनत होतं, त्याच आवारात त्या औषधामागून येणाऱ्या बुरशीचाही बंदोबस्त शोधला जात होता. आपल्या विज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीला मिळायला हवी तितकी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं.

आज दवाखान्यात बहुतेकदा क्लोट्रिमॅझोलचा ‘माउथ पेंट’ लिहून मिळतो, काही वेळा निस्टॅटिन, आणि त्रास जास्त असेल तर फ्लुकोनॅझोलची गोळी. औषधं काम करतात. अडचण वेगळीच आहे. कवळी तीच, रात्री ती तोंडात ठेवून झोपायची सवय तीच, साखर तितकीच. मग महिन्या-दोन महिन्यांत टाळू पुन्हा लाल होते. तोच पेंट पुन्हा आणायचा, पुन्हा लावायचा. शिवाय फ्लुकोनॅझोलला दाद न देणाऱ्या कॅन्डिडाच्या जाती वाढत चालल्या आहेत. अशा माणसासाठी, ज्याला बुरशी वारंवार होते, औषधाच्या जोडीला काही देता येईल का, या प्रश्नातून प्रोबायोटिक, म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम घेतलेले जिवंत सूक्ष्मजीव, इथे आलं.

मूळ कल्पना शंभर वर्षांहून जुनी. पाश्चर संस्थेतले एली मेचनिकॉफ, ज्यांना 1908 चं नोबेल मिळालं, बल्गेरियातल्या शेतकऱ्यांचं दीर्घायुष्य आंबट दुधाशी जोडत होते. त्यांचं लक्ष आतड्यावर होतं, तोंडावर नाही. तोंडाचा विचार खऱ्या अर्थाने गेल्या पंचवीस वर्षांतला. तर्क सरळ आहे. दुधातले काही जिवाणू आम्ल तयार करतात, काही हायड्रोजन पेरॉक्साइड. काही जिवाणू तोंडातल्या पेशींच्या पृष्ठभागावर अशी द्रव्यं सोडतात की कॅन्डिडाला तिथे चिकटता येत नाही. प्रयोगशाळेत काही लॅक्टोबॅसिलस कॅन्डिडाचे धागे फुटणंच रोखतात. ताटलीतलं हे यश माणसाच्या तोंडात टिकतं का, हा खरा प्रश्न.

त्याचं सर्वांत चांगलं उत्तर फिनलंडमधून आलं, आणि तेही चीजच्या तुकड्यातून. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 70 ते 100 वर्षांच्या 276 माणसांना 16 आठवडे रोज 50 ग्रॅम चीज दिलं. निम्म्यांच्या चीजमध्ये प्रोबायोटिक जिवाणू होते, त्यांतला एक एलजीजी. हा जिवाणू 1980 च्या दशकात शेरवूड गोर्बाक आणि बॅरी गोल्डिन यांनी निरोगी माणसाच्या आतड्यातून वेगळा केला, आणि दोघांच्या आडनावांतली ‘जी’ ही अक्षरं त्याच्या नावात आली. ज्यांच्या लाळेत यीस्टचं प्रमाण जास्त होतं असे लोक प्रोबायोटिकच्या गटात 30 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आले. साध्या चीजच्या गटात ते 28 वरून 34 वर गेले. कोरड्या तोंडाचा त्रासही प्रोबायोटिक घेणाऱ्यांत कमी आढळला.

हे आकडे नीट वाचायला हवेत. 30 चे 21 झाले, शून्य नाही. आणि मोजलं गेलं ते लाळेतलं यीस्ट, बरा झालेला आजार नव्हे. जाहिरात करणाऱ्याला हा फरक खुपतो, म्हणून तो सांगत नाही. तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात, कुठलंही औषध न देता, केवळ रोजच्या खाण्यातून इतका फरक पडणं ही छोटी गोष्ट नाही.

2015 साली डेन्मार्कमधल्या वृद्धाश्रमांत 215 जणांवर तसाच प्रयोग झाला, पण चीजऐवजी चघळायच्या गोळ्या होत्या आणि जिवाणू लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. बारा आठवड्यांत जास्त यीस्ट असलेल्यांचं प्रमाण घटलं. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या दंतवैद्यांनी आणखी धिटाईचा मार्ग धरला. वरची कवळी वापरणाऱ्या, तोंडात कॅन्डिडा असलेल्या पण अजून त्रास न झालेल्या 55 माणसांना त्यांनी प्रोबायोटिकची कॅप्सूल उघडून तिची पूड कवळीच्या आतल्या बाजूला टाकायला सांगितलं. पाच आठवड्यांनी नुसती पूड मिळालेल्यांपैकी 92 टक्क्यांच्या तोंडात कॅन्डिडा सापडली, जिवाणूंची पूड मिळालेल्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांच्या. अभ्यास लहान आहे, त्यामुळे एवढ्यावर हुरळून जाऊ नये.

हे तीन अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. चीज चावलं गेलं, गोळी चघळली गेली, पूड थेट कवळीवर टाकली गेली. तिन्ही ठिकाणी जिवाणू तोंडात थांबले. आपल्याकडे मात्र प्रोबायोटिक म्हणजे पाण्याबरोबर गिळायची कॅप्सूल. ती तोंडातून जाते एका क्षणात आणि उघडते पोटात. जुलाबासाठी ते योग्य असेल, टाळूसाठी ते निरुपयोगी ठरण्याचीच शक्यता जास्त. तोंडाच्या दुखण्यासाठी जे घ्यायचं ते तोंडात राहिलं पाहिजे, आणि रोज घेतलं पाहिजे, कारण बाहेरून आलेले हे जिवाणू तिथे कायमचे रुजत नाहीत. घेणं थांबलं की काही आठवड्यांत ते नाहीसे होतात.

मेडिकलच्या काउंटरवर प्रोबायोटिक मागितलं तर बहुधा दोन गोष्टी मिळतात. एक बॅसिलस क्लॉसायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या, दुसरी सॅकरोमायसिस बोलार्डीच्या पुड्या. दोन्ही मुख्यतः जुलाबासाठी आहेत. दुसरी तर स्वतःच यीस्ट आहे. 1920 च्या दशकात आंरी बूलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात पटकीच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिताना पाहिले आणि त्या फळांवरून हे यीस्ट वेगळं केलं. जुलाबात ते उपयोगी पडतं, पण बुरशीवरचं औषध चालू असताना ते घेण्यात अर्थ नाही. औषध दोन्ही यीस्ट मारणार. पाकिटावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ वाचून पैसे टाकू नयेत. जिवाणूचं पूर्ण नाव आणि त्याच्या वाणाचा क्रमांक छापलेला आहे का, हे आधी पाहावं. एका वाणाने जे केलं ते त्याच जातीचा दुसरा वाण करीलच असं नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या खाद्यात दिवसाच्या मात्रेत निदान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. उन्हात पडून राहिलेल्या पाकिटात ते जिवंत उरतात का, हा प्रश्न मराठवाड्याच्या मे महिन्यात विचारायलाच हवा.

मग आपलं दही? हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर लोकांना आवडत नाही. घरचं विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. त्यात काय काय आहे ते घराघराला आणि ऋतूऋतूला बदलतं. त्यात लॅक्टिक आम्ल बनवणारे चांगले जिवाणू असतात, तसं हवेतलं यीस्टही असतं. दही जुनं झालं की येणारा तो वेगळा वास बऱ्याचदा त्याचाच. घरच्या दह्याने तोंडातली बुरशी कमी होते असं दाखवणारा भक्कम अभ्यास माझ्या माहितीत नाही. म्हणून दही सोडावं असं मुळीच नाही. जेवणात वाटीभर साधं दही किंवा ताक चांगलंच. फक्त ते औषध म्हणून, पेंट बंद करून खाऊ नये. आणि त्यात साखर घालून तर नकोच, कारण मग आपण एका हाताने जिवाणू आणि दुसऱ्या हाताने यीस्टचं खाद्य वाढतो. लस्सी हा तोंडातल्या बुरशीवरचा उपाय नाही.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दुधाच्या साईसारखे पांढरे ठिपके दिसतात, पुसले तरी निघत नाहीत आणि जोर लावला तर खालून रक्त येतं, तेव्हा तीही बहुतेकदा कॅन्डिडाच. आपल्याकडच्या जुन्या बायका यावर टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या तोंडात फिरवतात. हे थांबवायला हवं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बाळाच्या शरीरात तो विषारी ठरू शकतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध दिला तर बोट्युलिझमचा धोका असतो. बाळाला डॉक्टरांनी दिलेलं औषध, आईच्या स्तनाग्राला संसर्ग असेल तर तिलाही औषध, आणि वरचं दूध असेल तर बाटलीचं निपल रोज उकळणं, एवढंच करावं. प्रोबायोटिकचं म्हणाल तर मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी ते धोक्याचं ठरू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये रुग्णालयांना तशी स्पष्ट सूचना दिली.

तोच सावधपणा मोठ्यांपैकीही काहींनी पाळायचा आहे. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले, गळ्यात किंवा छातीत नळी घातलेले, हृदयाची झडप बदललेले. अशा माणसांमध्ये निरुपद्रवी म्हणवले जाणारे लॅक्टोबॅसिलसही क्वचित रक्तात उतरून गंभीर संसर्ग करतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये, आणि तोंडात बुरशी झाली तर आधी औषध घ्यावं.

बाकी धडधाकट म्हाताऱ्या माणसाला, ज्याची टाळू वर्षातून तीन-चारदा लाल होते, त्याला मी हा क्रम सुचवीन. आधी कवळी. ती रात्री काढायची, ब्रशने घासायची, स्वच्छ पाण्यात ठेवायची, आणि प्रवासात झाकणाचा एक छोटा डबा खिशात ठेवायचा, म्हणजे हरवण्याची भीती उरत नाही. सैल झालेली कवळी दंतवैद्याला दाखवायची. साखर तपासायची. डॉक्टरांनी सांगितलेला पेंट डाग गेल्यानंतरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावायचा, आणि तो टाळूबरोबर कवळीलाही, कारण बुरशीचं मूळ घर तिथेच असतं. क्लोरहेक्सिडीनच्या चुळा आणि निस्टॅटिन एकाच वेळी वापरायचे नाहीत, ते एकमेकांना निकामी करतात. एवढं झालं आणि तरीही त्रास परतला, तर चघळायच्या प्रोबायोटिक गोळ्या दंतवैद्याशी बोलून रोज रात्री, कवळी काढून, दात आणि टाळू स्वच्छ केल्यावर घेऊन पाहाव्यात. अभ्यासांत फरक दिसायला पाच ते सोळा आठवडे लागले आहेत, म्हणून चार दिवसांत निकाल मागू नये. चार महिन्यांत काहीच फरक नसेल तर त्या बंद कराव्यात आणि ते पैसे नवी, नीट बसणारी कवळी बनवण्यासाठी बाजूला टाकावेत.